वकिलाच्या जिन्यावर दोघं

पाळणा हलला की नाही, हे बघायला कोणी शेवटचं पान आधी उलटू नये म्हणून आत्ताच सांगून टाकते: नाही हलला. तीन वेळा प्रयत्न झाले, तिन्ही वेळा फसले आणि आम्ही थांबलो. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी खुशाल उठून चहा टाकावा. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आमच्या गावाने आमचा घटस्फोट परस्पर कसा ठरवून टाकला, आणि मी सहा वर्षं जे तोंड दाबून सोसलं त्याचं पुढे काय झालं, ते.

माझं माहेर वालावल. सासर मालवणच्या किनाऱ्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि नवरा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. होडी नजरेला पडायच्या आधी नुसत्या आवाजावरून तो सांगतो, कुठे काय बिघडलंय. स्वतःच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी कागद हातात ठेवेपर्यंत त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर आम्ही दोघांनी तपासण्या करून घेतल्या. माझं सगळं ठीक निघालं, त्याचं नाही. डॉक्टरीणबाई त्याला आकडे समजावून सांगत होत्या आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गुबगुबीत बाळाकडे बघत मान हलवत होता. बाहेर आल्यावर मोटरसायकलला किक मारता मारता तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आयेक सांगू नको."

"बरां," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, दोन-चार महिने. सहा वर्षं झाली.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे. ऐन तिशीत कपाळ मोकळं झालं, तेव्हापासून डोक्यावर माशांची टोपली घेऊन त्यांनी हा एकुलता एक मुलगा वाढवला. त्या मुलात काही उणं असेल, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. म्हणजे उणं माझ्यात. त्यांनी मला तोंडावर कधी वांझ म्हटलं नाही. शेजारणी जमल्या की त्या फक्त एवढंच म्हणत, "आमच्या सुनेक शिक्षण मोप आसा." आणि मग एक सुस्कारा टाकत. तो सुस्कारा ऐकून शेजारणी माझ्याकडे अशा बघत की मला माझी पदवी परत करावीशी वाटे.

मी काही गरीब गाय नव्हे. रागाला मी वाट शोधली. सासूबाई कुठल्याशा वैद्याकडून मुळ्या आणत आणि रोज सकाळी माझ्यासाठी पेलाभर काढा उकळत. पहिल्या दिवशी मी एक घोट घेतला आणि जीभ तासभर बधिर झाली. दुसऱ्या दिवशी मी तो पेला खोलीत नेला आणि नवऱ्यापुढे धरला.

"ह्या काय?"

"ज्येचा दुखणा, तेका औषद."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, नाक दाबलं आणि पेला रिकामा केला. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "घेतलंस गो?" मी रिकामा पेला दाखवला. असं पुढची काही वर्षं चाललं. त्याची पचनशक्ती सुधारली, बाकी काही फरक पडला नाही. सासूबाई मात्र वैद्याला सांगत, "आमची सून औषद कशी गपचूप घेता!"

उपचार कुडाळात सुरू झाले. गावात कोणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि आमच्या गावात तर माणूस उंबऱ्याबाहेर पडला की पहिल्या वळणावर "खंय चल्लास?" हा प्रश्न उभा असतो. विचारणाऱ्याला उत्तराची गरज असते असं नाही, पण उत्तर दिलं नाही तर संध्याकाळपर्यंत चार उत्तरं तयार होतात. आम्ही ठरवलं, दाताची ट्रीटमेंट म्हणून सांगायचं. कोणाच्या दाताची, हे ठरवायचं राहून गेलं. मी सासूबाईंना सांगितलं त्याच्या, त्याने नाक्यावर सांगितलं माझ्या.

दुसरा प्रयत्न फसला त्या दिवशी मी दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीशी कडाक्याची भांडले. भांडण पंख्यावरून होतं. मी म्हटलं, पंखा लाव. ती म्हणाली, लावलाय. आणि खरोखरच लावलेला होता, माझ्या डोक्यावरच फिरत होता. मी वर बघितलं आणि सगळ्यांसमोर हमसून रडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून पाणी दिलं आणि एक चिठ्ठी लिहिली. त्यात औषध नव्हतं. समुपदेशक बाईंचा पत्ता होता.

"म्हणजे काय करतली ती?" नवऱ्याने बाहेर आल्यावर विचारलं.

"बोलतली."

"माका काय खूळ लागलाहा?"

"तुका नाय, माका लागलाहा. तू सोबतीक चल."

सोबतीला म्हणून तो आला, आणि पुढे दर बुधवारी येत राहिला.

बाईंची खोली बाजारपेठेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. खाली झेरॉक्सचं दुकान, आणि जिन्याच्या तोंडाशी भलीमोठी पाटी एका वकिलाची. बाईंची पाटी कुठेच नव्हती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर बाई हसल्या. पिंगुळीहून स्कूटरवर येणाऱ्या, पन्नाशीच्या, समोरच्याला भाजलेले काजू खायला लावून मग प्रश्न विचारणाऱ्या बाई होत्या त्या.

"लावली होती हो पाटी दोन महिने. एक माणूस जिना चढला नाही. काढली, तशी माणसं यायला लागली. वकिलाच्या पाटीखालून चढलं की बघणाऱ्याला वाटतं, जमिनीचा वाद असेल."

हे अगदी खरं होतं. जमिनीचा वाद आमच्या जिल्ह्यात घरटी एक असतोच आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. भावाला कोर्टात खेचलं हे माणूस चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगतो. पोर होत नाही, हे सांगायला मात्र बिनपाटीची खोली लागते.

बाईंनी पहिल्या दिवशी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं या सगळ्याबद्दल?"

तो ताठ बसला. कचेरीत गेला की त्याची मालवणी गळून पडते आणि तो बातम्या वाचल्यासारखा बोलायला लागतो. "मला काही वाटत नाही. सर्व काही व्यवस्थित चालू आहे."

"आणि यांना काय वाटत असेल?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"यांना थोडा पंख्याचा त्रास आहे."

मी काजूची बशी त्याच्या डोक्यावर उपडी करणार होते. बाईंनी ती शांतपणे माझ्यापासून लांब सरकवली. त्यांना अशा बशांचा अनुभव असावा.

मग त्यांनी आम्हाला एक नियम घालून दिला. उपचार, इंजेक्शनं, तारखा, पुढे काय होईल, या सगळ्यावर दिवसातून फक्त वीस मिनिटं बोलायचं. रोज ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून. त्यातली दहा मिनिटं एकाची, दहा दुसऱ्याची, आणि एक बोलत असताना दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. वीस मिनिटं संपली की विषय बंद, तो दुसऱ्या दिवसापर्यंत काढायचा नाही. "नाहीतर हे दुखणं सगळं घर खाऊन टाकतं," त्या म्हणाल्या. "त्याला बसायला एक कोपरा द्या, पण कोपराच द्या."

ऐकायला सोपं वाटलं. पण आमच्या घरात सासूबाईंच्या कानाला लागणार नाही असा कोपराच नव्हता. शेवटी आम्ही संध्याकाळी साडेसहाला किनाऱ्यावर जाऊ लागलो. तिथे एक जुनी होडी पालथी घालून ठेवलेली होती, तिच्यावर बसायचो. मोबाईलवर दहा मिनिटं लावायची आणि सुरुवात करायची. माझी दहा मिनिटं म्हणजे हातवारे, आरडाओरडा, एखाद वेळी रडणं. त्याची दहा मिनिटं म्हणजे वाळूत काडीने रेघोट्या. पहिले पंधरा दिवस तो एकूण चार वाक्यं बोलला असेल. सोळाव्या दिवशी म्हणाला, "माका वाटता, तू माका सोडून जातलंस." त्याची सात मिनिटं अजून शिल्लक होती आणि मला मधे बोलायची परवानगी नव्हती. मी नियम मोडला नाही. नुसता त्याचा हात धरून बसले. बाईंना पुढच्या बुधवारी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, नियम असाच पाळायचा असतो.

आता यात एक गंमत झाली. वीस मिनिटांव्यतिरिक्त त्या विषयावर घरात बोलायचं नाही, आणि आम्हाला दुसरा विषयच उरला नव्हता हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. त्यामुळे घरात शुकशुकाट. जेवताना फक्त "आमटी वाढ" आणि "मीठ खंय आसा". सासूबाई ताटावरून एकदा त्याच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे.

त्यांच्या मनात काय शिजत होतं ते मला फार नंतर कळलं, पण ते इथेच सांगते. दाताच्या थापेवर त्यांचा विश्वास उडाला होता. एकदा त्यांनी आधी लेकाला, मग मला तोंड उघडायला लावलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "इतक्या बुधवारांत बत्तीसच्या बत्तीस दात नवे इले आसते." मग त्यांनी आपल्या जुन्या मैत्रिणीला कामाला लावलं. ती अजून मासे विकते आणि बुधवारी कुडाळच्या बाजाराला बसते. पुढच्याच बुधवारी ती टोपली दुसरीच्या भरवशावर टाकून आमच्या मागून आली. तिने काय बघितलं? आम्ही दोघं हातात फाईल घेऊन वकिलाच्या पाटीखालून जिना चढलो, आणि तासाभराने मी लाल डोळ्यांनी खाली उतरले. त्यात किनाऱ्यावर रोज संध्याकाळी माझे हातवारे साऱ्या गावाने बघितलेले होतेच. घरातला शुकशुकाट सासूबाईंनी स्वतः पुरवला. गावाने ही तीन टोकं जोडली आणि निकाल लागला: हायस्कुलात शिकवणारी ती सून, तिने घटस्फोट मागितलाय.

मला वाटे, लोक हल्ली माझ्याशी बरे वागायला लागले आहेत. दुकानदार चांगले नारळ निवडून देई. शेजारीण एकदा कारण नसताना म्हणाली, "जीवाक जप गो बाय. मनात येता तसा सगळाच करूचा नसता." मी समजले, दाताची थाप तिच्यापर्यंत पोचली आणि ती गोड खाण्याबद्दल बोलते आहे.

तिकडे बाईंच्या खोलीत वेगळाच खेळ रंगला होता. एका बुधवारी मी काढ्याची गोष्ट सांगितली. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. नवराही हसला. मग चष्मा परत चढवून त्यांनी विचारलं, "आणि हे किती वर्षं चालवणार?"

नवऱ्याने बशीतला एक काजू उचलला, मीही एक उचलला.

"बरं. मी तुमची आई," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि डोक्यावरून पदर घेऊन खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. "सांगा मला काय ते."

नवऱ्याने घसा साफ केला. "आई, वैद्यकीय तपासणीनुसार असे निष्पन्न झाले आहे की, दोष माझ्यात आहे."

"दोष म्हणायचं नाही. अडचण म्हणा. आणि असं बोललात तर तुमच्या आईला वाटेल, ग्रामपंचायतीची नोटीस आली. त्यांच्याशी रोज बोलता तसं सांगा."

त्याने तोंड उघडलं. "आये," म्हणाला. पुढे काही येईना. 'आये' म्हटल्याबरोबर त्याच्या डोळ्यांसमोर डोक्यावर टोपली घेतलेली ती बाई उभी राहिली असणार. तो तसाच बसला, आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लग्नानंतर मी ते पहिल्यांदा बघत होते. मला त्याची कीव आली आणि त्याचा भयंकर रागही आला. दोन्ही एकदम. त्याला आईची एवढी दया, आणि मी जी रोज तिच्यासमोर मान खाली घालून फिरते, तिची?

हे मी बोलून टाकलं, मोठ्याने. पलीकडच्या वकिलाने भिंतीवर टकटक केली.

मला वाटलं, बाई माझी बाजू घेतील. त्यांनी मला एक काजू दिला आणि विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात. त्यात तुमचा काय फायदा होता?"

मी संतापले. फायदा? मी त्यांना दोन-चार शब्द असे ऐकवले की ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. घरी जाताना मोटरसायकलवर मागे बसून अख्खा रस्ता मी मनातल्या मनात बाईंशी भांडत होते. आणि गाव जवळ आलं तसं मला उत्तर सापडलं. फायदा होता. कुठलंही भांडण होऊ दे, त्याने आवाज चढवला की मी नुसती भुवई उचलायची. त्या भुवईत सगळं असे: मी तुझं झाकून ठेवलंय, लक्षात आहे ना? तो तिथल्या तिथे विझे. दिवाळीला माहेरी किती दिवस राहायचं, टीव्हीवर काय लावायचं, सगळं त्या एका भुवईवर मी जिंकत आले होते. मी सोसत होते हे खरं, पण सोसण्याचं हत्यारही करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी होडीवर माझ्या दहा मिनिटांत मी हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भुवयेचा माका म्हायत होता." आम्ही दोघं इतके हसलो की पलीकडे जाळी विणणारे दोघं हात थांबवून आमच्याकडे बघायला लागले. गावाच्या हिशेबात ती बहुधा माझ्या वेडाची नोंद झाली असेल.

तिसरा प्रयत्नही फसला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. फोन आला तेव्हा मी शाळेत होते, आणि फोन ठेवून वर्गात जाऊन मी समास शिकवले. संध्याकाळी होडीवर बसलो तर दोघांपैकी कोणीच घड्याळ लावलं नाही.

"बस झाला?" त्याने विचारलं.

"बस झाला."

दुःख होतंच, अजूनही आहे, कधीतरी वर्गात एखाद्या पोरीच्या दोन वेण्यांकडे बघताना फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहतं. पण त्या दिवशी त्याच्या जोडीला सुटल्यासारखंही वाटत होतं. मग मी म्हटलं, "उपचार बंद. पण आयेक कोण सांगतला? आता थांबलव, म्हणजे लोक म्हणतले हिनाच काय ता केल्यान."

"सांगतंय मी. जत्रा होऊ दे."

"कुठल्या वर्षाची?"

"ह्याच." तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी भुवई उचलली नाही. मला तो सांगायला हवा होता, आणि माझ्या धाकाने नव्हे, त्याच्या मनाने सांगायला हवा होता. नाहीतर पुढचं सगळं आयुष्य आम्ही त्याच घरात त्याच खोटेपणाबरोबर म्हातारे झालो असतो, आणि मला माहीत होतं, माझ्याने आता ते झालं नसतं. त्याला वाटत होती ती भीती खरी ठरली असती.

जत्रेच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायची रीत आहे. घरात काही अडलं असेल तर नारळ द्यायचा, आणि गावकर, म्हणजे ज्यांच्याकडे हा मान आहे ते वयस्क गृहस्थ, देवापुढे उभे राहून खणखणीत आवाजात ती अडचण मांडतात. एकेक वाक्य झालं की ते थांबतात, आणि जमलेला सगळा गाव एकमुखाने "व्हय महाराजा!" म्हणतो. सवय अशी की लोक अर्धवट ऐकत असले, शेजाऱ्याशी बोलत असले तरी गावकर थांबले रे थांबले की तोंडातून 'व्हय महाराजा' निघतंच. गाऱ्हाण्याला गुपित चालत नाही. गावासमोर बोलायचं आणि गावाने हो म्हणायचं, तर देवाला पोचलं.

सासूबाईंनी नारळ दिला आणि गावकरांच्या कानाशी बराच वेळ कुजबुजल्या. मला वाटलं नेहमीचं असेल, सुनेची कूस उजव वगैरे. मी दात आवळून उभी राहिले.

"बा देवा महाराजा!" गावकरांनी सुरुवात केली.

"व्हय महाराजा!"

"आज जत्रेच्या दिसा ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत!"

"व्हय महाराजा!"

"हेंच्या घराक कोणाची तरी दृष्ट लागली! नवरो-बायको एकामेकांशी बोलणत नाय! दर बुधवारी कुडाळाक वकिलाचो जिनो चडतत!"

"व्हय महाराजा!" हे जरा जास्तच जोरात आलं. सगळ्यांना माहीतच होतं ना.

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. वकील? माझ्या डोक्यात ती पाटी, ते नारळ, 'जीवाक जप गो बाय', सगळं एकदम उलगडलं.

"जा काय घटस्फोटाचा खूळ हेंच्या डोक्यात शिरला आसा, ता मोडून काड, महाराजा, आनि हेंचो संसार परत गोडीन चलू दे!"

"व्हय महाराजा!"

"रवा जरा!" नवरा ओरडला.

गावकरांना गाऱ्हाण्याच्या मधे आजवर कोणी थांबवलं नसावं. ते तोंड उघडं ठेवूनच वळले. बाहेर ढोल चालू होता, त्यावर आपला आवाज जावा म्हणून नवरा गावकरांच्याच पट्टीत बोलायला लागला.

"आमी वकिलाकडे जाणव नाय! डॉक्टराकडे जातव! पोर व्हया म्हणान!"

त्याने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे नाही, सरळ देवाकडे तोंड केलं.

"आये, पोर होणा नाय तो दोष हिचो नाय! सा वर्सां हिना झाकल्यान, दोष माज्यात आसा!"

आणि तो थांबला. श्वास घ्यायला थांबला असेल. पण त्या देवळात त्या आवाजात कोणी बोलून थांबलं की काय होतं, ते मी सांगितलंच आहे.

"व्हय महाराजा!!" सगळा गाव गरजला.

मग गावाला आपण कशाला हो म्हटलं ते कळलं. काहींनी जीभ चावली. मासे विकणारी ती मैत्रीण तर खांबाआड गेली. नवरा लाल होऊन उभा होता, आणि मला हसू फुटलं. मी देवळात, देवासमोर, तोंडावर पदर दाबून हसत होते आणि त्याच पदराने डोळे पुसत होते. अडचण म्हण असं बाईंनी इतकं शिकवलं, आणि हा 'दोष' म्हणाला. पण म्हणाला.

सासूबाई हलल्या नाहीत. मला वाटलं, कोसळतात आता. मी हात धरायला पुढे झाले, तो त्यांनी झिडकारला आणि त्या गावकरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्या गाराणा चुकला. परत घाला."

"वयनी, तुमी सांगलास ताच घातलंय."

"मी सांगलंय ताच चुकला. बाजूक व्हा." त्यांनी त्यांना चक्क बाजूला केलं. बाईने गाऱ्हाणं घातल्याचं मी तरी आमच्या देवळात कधी बघितलं नव्हतं. बाजारात उभ्या आयुष्यात कमावलेला आवाज होता त्यांचा, ढोलाला तो ऐकू गेला असावा, कारण ढोल थांबला.

"बा महाराजा! माज्या सुनेन सा वर्सां माज्या झिलाचा झाकल्यान! आनि मी तिकाच बोल लावलंय! चार बायकांत तिका मान वर करूक दिलंय नाय! ती चूक तिची नाय, झिलाची नाय, माजी आसा, महाराजा!"

आणि त्या थांबल्या.

कोणी काही बोललं नाही. एकदा तोंड भाजून घेतलेला गाव आता फुंकून पीत होता. या वाक्याला हो म्हणायचं म्हणजे त्या बाईला तिच्या तोंडावर तू चुकलीस म्हणायचं, ते कोण म्हणणार? गावकर जमिनीकडे बघत होते. आणि हो म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. सासूबाई हात जोडून तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू म्हण गो," त्या म्हणाल्या. "तुजोच मान आसा."

सहा वर्षं मी या क्षणी काय काय ऐकवीन ते पाठ करून ठेवलं होतं. भाषा विषयाची शिक्षिका मी, एकेक वाक्य घासून ठेवलेलं. त्यातलं एकही आठवेना. मी मुद्दाम थोडा वेळ घेतला, हे कबूल करते. सहा वर्षं मी थांबले होते, देवाने क्षणभर थांबायला काय हरकत होती? मग मी पुढे झाले, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

"व्हय महाराजा," मी म्हटलं. माझ्यामागून गावाने म्हटलं.